श्यामामृत, बॅच अकरा

८ ऑक्टोबर २०२५

चार दिवस झाले, कोळसा ढवळतोय. विरघळत नाही!

विनेशशेठ दर दोन तासांनी टाकीपाशी येतात, आत डोकावतात आणि विचारतात, "झाला ना काळा?" काळा तो आधीपासूनच होता, शेठ. जन्मतः. त्यासाठी आपली कंपनी काढायची गरज नव्हती.

शेठनी या जागेत आधी बर्फ केला. मग दिवेआगरला होमस्टे काढला. वादळात त्याचे पत्रे उडाले, तेव्हा ते शेतकऱ्यांच्या सेवेत उतरले. आता म्हसळ्याबाहेरच्या याच बर्फाच्या कारखान्यात कोळशाचा रस निघतो. नाव 'श्यामामृत'. बाटलीवर बासरीवाल्याचं मोरपीस आहे, तळाशी माझी सही. मी चीफ केमिस्ट. चीफ अशासाठी की दुसरा केमिस्ट नाही.

धंदा मुळात खोटा नाही, हे इथे लिहून ठेवते. लिग्नाइट म्हणजे कच्चा, तपकिरी, पोरसवदा कोळसा. त्याच्या अंगात अजून आंबटपणा असतो. तो दळायचा, कॉस्टिक पोटॅशच्या कढत पाण्यात चार तास ढवळायचा — आंबट भाग पोटॅशला धरून पाण्यात उतरतो. गाळ खाली, काळा रस वर. मुळांना तो मानवतो, आणि सुपारीच्या झाडाला पोटॅश हवंच असतं. पाच वर्षं आम्ही हेच केलं.

पण गुजरातहून येणारं लिग्नाइट महाग झालं आणि शेठनी कुठल्याशा जेट्टीवरून दगडी कोळशाचा ट्रक आणला. "कोळसा तो कोळसा, मॅडम." नाही हो! हा जुना, पोक्त कोळसा. जमिनीखाली दबून दबून त्याचा आंबटपणा केव्हाच गेला. आता तो कोणाचं ऐकत नाही. माझ्याच वयाचा म्हणा. त्याला पातळ करायचा तर चारशे अंशांची उष्णता, दोनशे पट दाब आणि वर हायड्रोजन लागतो. मग त्याचं तेल होतं. आमच्याकडे लाकडावरची भट्टी आहे आणि ढवळायला नीराबाई आहेत.

११ ऑक्टोबर

आज शेठना परीक्षानळ्या दाखवल्या. एकीत मागच्या महिन्याचं श्यामामृत, दुसरीत जेट्टीवाल्या कोळशाचं पाणी. दोन्हींत आम्ल टाकलं. पहिलीत दूध नासावं तसे तपकिरी गोळे झाले. म्हणजे कोळसा खरोखर विरघळला होता, आम्ल पडताच पुन्हा बाहेर आला. दुसरीत काही नाही. भुकटी तळाला, वर नितळ पाणी.

शेठनी दोन्ही नळ्या उजेडात धरून हलवल्या. म्हणाले, "मॅडम, पण गिऱ्हाईक कुठे ॲसिड टाकून बघणारे?"

विज्ञानाचा इतक्या कमी शब्दांत झालेला पराभव मी पाहिला नव्हता. पण मी हलले नाही. "या बॅचवर सही करणार नाही," म्हटलं. "ओता." आणि ओतली! अख्खी टाकी. शेठचं तोंड कोळशापेक्षा काळं.

नीराबाई बादल्या धुताना म्हणाल्या, "बाई, आज तुमी लईच ताठ दिसताव." दिसणारच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवेआगरला दादाकडे. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अक्कल वाटली तेव्हा रांगेत माझ्यामागे होता आणि हुशारी वाटली तेव्हा पुढे.

वाडी बघितली. वादळात होतं ते सगळं आडवं झालं होतं, त्यानंतर दादानं रोठा सुपारीची एकशे चाळीस रोपं लावली. आता पुरुषभर उंच झाली आहेत. यंदा पोय येणार — पहिला फुलोरा! दादा प्रत्येक झाडाला हात लावून दाखवत होता. पाच वर्षं हा माणूस नुसतं पाणी घालतोय आणि वाट बघतोय. त्याच्या बाबतीत मला टोमणा सुचत नाही, असे दिवस क्वचित येतात.

ओवाळलं. ताटात पाकीट पडलं. मग दादा घसा साफ करून म्हणाला, "नले, यंदा तूच मला ओवाळणी दे."

"काय?"

"तुझ्या शेठला सांग. श्यामामृताची एजन्सी. आख्ख्या आळीला मी देतो बाटल्या. तुझी सही हाय म्हटल्यावर कोण न्हाय म्हणंल?"

तुळशी वहिनी घावन टाकत होत्या. वळून बघितलंही नाही. त्या फारसं बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून माझ्याशी त्यांची एकूण पंधरा वाक्यं झाली असतील, त्यातली दहा "वन्सं, वाढू?" अशी.

शब्द टाकते म्हटलं. वाडीवाल्यांचं भलंच होईल. आणि सहीला भाव आहे हे ऐकून कोणाला वाईट वाटतं?

३ नोव्हेंबर

शेठ खुशीत. लिग्नाइट पुन्हा सुरू, तेही महागड्या भावानं, तरी खुशीत! "पोटॅशचा नवा सप्लायर मिळाला, मॅडम." नव्या पोत्यांची पहिली बॅच आज निघाली. आम्ल टाकलं — छान नासलं. कोळसा विरघळला.

मग ज्योतीची चाचणी. रसात तार बुडवून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. पोटॅश असेल तर ज्योत जांभळी, सोडा असेल तर पिवळी. आली पिवळी. आमच्याकडे नेहमीच येते, कारण या किनाऱ्यावर हवेतच मीठ आहे. तार खारट, बाटली खारट, माझी बोटं खारट. जरासं मीठही जांभळा रंग झाकून टाकतं. तो बघायला निळी काच डोळ्यापुढे धरावी लागते. आमची काच मागच्या पावसाळ्यात फुटली. तीनदा मागणी लिहिली. मार्केटिंगची प्राची खरेदीही बघते. ती म्हणाली, "मॅम, निळीच हवी का? साधी चालेल?"

फॉर्मवर रकाना आहे — 'जांभळी ज्योत दिसली: होय / नाही'. पाच वर्षं 'होय' आहे. आजच न दिसायला काय झालं? होय.

१२ नोव्हेंबर

दादाला एजन्सी मिळाली. पेढे माझ्याच खर्चानं.

४ डिसेंबर

प्राचीनं नवं लेबल केलं. 'कोट्यवधी वर्षांची ताकद, आता एका झाकणात.' मी म्हटलं, झाकणात की बाटलीत? कारण शेठनी डोस बदललाय. आधी एका झाडाला महिन्याला एक झाकण, आता अर्धी बाटली. "मॅम, फार्मर्सना जास्त घातलं की बरं वाटतं." हे मात्र तिनं बरोबर ओळखलंय. आमच्याकडे औषध, हळदी-कुंकू आणि सल्ला कोणी मोजून घेत नाही.

डोस वाढवायचा तर रसाचा उग्रपणा तपासायला हवा, असं मी म्हणाले. शेठ म्हणाले, "तपासा की! कोण अडवतंय?" मग मी डबा उघडला आणि जेवले.

२२ डिसेंबर

दादाचा फोन. आळीतली एकूण एक वाडी श्यामामृतावर. "सखुबाईनं तर दोन महिन्यांचं एकदम नेलं." सखुबाई म्हणजे दादाच्या शेजारच्या वाडीवाल्या. नवरा गेला, मुलगा मुंबईला, चाळीस झाडं एकटी सांभाळतात.

"आणि तुझी पोय?" मी विचारलं.

"येतेय, येतेय. एकदम झकास."

१९ जानेवारी २०२६

सकाळी सरकारी कचेरीत पाठवायच्या टाइप केलेल्या कागदांवर सह्या केल्या, वाचत कोण बसतं! मग नीराबाईंचे हात बघितले. बोटांच्या पेरांना भेगा, तळवा सोललेला.

"हातमोजे कुठेत?"

"फाटले दिवाळीत. शेठ म्हनलं, आनतो. पन बाई, पयली पोती अशी चावत न्हवती."

"पहिली म्हणजे?"

"ही नवी साबनवाल्याच्या टेम्पोतनं येतात ना. दारात उभं राहून पोत्यावरचा छाप खरवडतात, मंग आत घेतात."

साबणवाला पोटॅश वापरत नाही. कपड्यांच्या वडीला कॉस्टिक सोडा लागतो. तो स्वस्त असतो, कोळसा त्यातही तितकाच सुरेख विरघळतो, आम्लानं तसाच नासतो. रंग तोच, वास तोच. पण झाडाच्या मुळाशी पोटॅशऐवजी जातं ते निम्मं मीठ. समुद्रापासून दोन हाकांवरच्या वाडीला आम्ही बाटलीतून समुद्र विकतोय, असा त्याचा अर्थ. असेल तर.

"नीराबाई, हे आधी नाही सांगायचं?"

"तुमी सही करता. मला वाटलं, तुमाला म्हायती हाय."

२० जानेवारी

असेलही पोटॅशच. नीराबाई काही केमिस्ट नाहीत.

२१ जानेवारी

मी आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

रेवदंड्याला गेले. तिथल्या शाळेत मृणाल शास्त्र शिकवते, आम्ही बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. म्हसळ्याच्या शाळेत काच मागितली असती तर संध्याकाळपर्यंत शेठना कळलं असतं. एसटीत अर्धा दिवस, पुढे रिक्षा, वाटेभर सुकत घातलेल्या मासळीचा वास. मृणालनं कपाटातून काच काढली, रुमालात गुंडाळलेली. "दोन आहेत आमच्याकडे, एक ने." नववीच्या पोरांना दोन. आमच्या 'एक्स्पोर्ट क्वालिटी' कंपनीत शून्य.

म्हणाली, "चीफ केमिस्ट झालीस आणि काच मागायला इतक्या लांब आलीस?" हसली. मी पण हसले. चहा छान होता.

९ फेब्रुवारी

सगळे जेवायला गेले तेव्हा दिवा पेटवला. आधी दिवाळीपूर्वीचा, जुन्या पोटॅशचा नमुना. काचेतून — जांभळी! नाजूक, जांभळाच्या सालीसारखी. डोळ्यांत पाणी आलं, स्पिरिटच्या धुरानं आलं असं समजू.

मग दिवाळीनंतरच्या बॅचेस. एक. काही नाही. दोन. काही नाही. अकरापर्यंत गेले. काचेपलीकडे नुसता अंधार. उग्रपणाही पाहिला, कागदी पट्टीवर. पट्टी थेट शेवटच्या रंगाला गेली. हे पाणी भांडी घासायला चांगलं आहे.

अकरा बॅचेस, अकरा सह्या. ऑक्टोबरात एक टाकी ओतायला लावली म्हणून चार महिने स्वतःची पाठ थोपटत होते. शेठ त्या दिवशी एवढंच शिकले की मॅडमना विचारायचं नाही. आणि मॅडमनी काय शिकावं? विचारलं नाही की सही करायची.

दादाची एकशे चाळीस झाडं. पहिली पोय.

१० फेब्रुवारी

फोन करायला घेतला. डोकं दुखायला लागलं.

११ फेब्रुवारी

फोनवर नको, समोर जाऊन सांगावं. सुट्टी रविवारीच असते.

१२ फेब्रुवारी

लाज नावाची वस्तू कशात विरघळते यावर कोणी शोध लावलेला नाही. लागला तर मी पहिली गिऱ्हाईक.

१५ फेब्रुवारी, रविवार

आळीत शिरले. पहिलीच वाडी सखुबाईंची. झावळ्यांची टोकं तपकिरी, जाळल्यासारखी. मधली पानं पिवळी. पोय फुटलेली, पण बारीक हिरव्या गुंड्या खाली आळ्यात गळून पडलेल्या, मूठ-मूठ. सखुबाई त्या सुपात गोळा करत होत्या.

"नलूताई, बरं झालं आलीस! हे बग ना काय झालंय. तुजं औषद हाय म्हणून तग धरलाय, न्हाय तर येवढं पन राह्यलं नसतं. या म्हैन्याला अख्खी बाटली घातली एकेकाला."

मी म्हटलं, "घालू नका आता." त्या म्हणाल्या, "का गं, जास्त झालं?" मी म्हटलं, "चुकीचं झालं. सोडा आहे त्यात. मीच तपासलं नाही." त्यांनी सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "आता गोडं पानी किती दिवस सोडू?" शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. भरपूर सोडा म्हटलं, रोज, झाडांची आळी धुऊन वाहून जाईपर्यंत. त्या उठून पंप चालू करायला गेल्या.

तिथून दादाची वाडी, मधे फक्त कुंपण. मी डोळे मिटूनच आत गेले म्हटलं तरी चालेल.

हिरवीगार! एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. झावळ्या तुकतुकीत, पोय केसरी पिवळी, गुंड्या गच्च. मी वेड्यासारखी एका झाडाला धरून उभी राहिले. म्हणजे माझी काच खोटी! माझी पट्टी खोटी! इतकी आनंदानं चुकीची मी आयुष्यात कधी ठरले नव्हते.

"दादा, तुझ्या झाडांना काहीच कसं झालं नाही?"

दादा हसला. "अगं घातलंच न्हाय तर होईल काय?"

"काय घातलं नाही?"

"श्यामामृत. आपल्या वाडीत शेणखत. हिनं शिरूच दिली न्हाय ती बाटली." वहिनींकडे मान केली. "पयल्या दिवशी हिनं बादलीत ओतून बोट बुडवलं. म्हनली, हे साबणासारखं बुळबुळीत हाय, मुळाला न्हाय घालायचं."

"आणि आळीला विकलंस?"

"विकलं म्हणजे? ते मागायला आले."

"सखुबाईंना सांगितलं नाहीस?"

"नले, त्यांनी विचारलं का? आनि सही तुझी. मी कोण सांगणारा?" मग जरा चिडूनच, "आता तू केमिस्ट असून तुला कळलं न्हाय, मला कळायला हवं व्हतं का?"

टोमणा तयार असतो माझ्याकडे, उत्तर नसतं.

वहिनी धुणं वाळत घालत होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. "वहिनी, निदान मला तरी एक फोन..."

"सांगायचं तिथं सांगितलंय, वन्सं," एवढंच म्हणाल्या आणि चादर झटकली.

म्हणजे देवीला. आमच्याकडे तक्रार नोंदवायचं पहिलं ठिकाण तेच. कौल अजून लागला नसावा.

१८ फेब्रुवारी

शेठसमोर काच आणि दिवा ठेवला. त्यांनी काचेतून माझ्याकडेच बघितलं. "निळ्या दिसताय, मॅडम."

सांगितलं — सगळा माल परत मागवा, आळीत सूचना द्या, नाहीतर मी अकराही सह्या लेखी मागे घेते.

शेठ शांतपणे म्हणाले, "तुमची सही काढली तर बाटलीत राहतं काय?" हा माणूस अधूनमधून फार खरं बोलतो.

मग म्हणाले, "पिवळी पानं सगळ्या कोकणात आहेत. रोग आहे. प्राची, रोगावर श्यामामृताचं नवं लेबल कर." प्राची माझ्याकडे न बघता लिहून घेत होती.

२० फेब्रुवारी

दादाचा फोन. एजन्सी कंपनीनं नव्हे, आळीनं काढून घेतली. सखुबाईंनी घरोघर जाऊन सांगितलं म्हणे, पाणी सोडा, झाडांची आळी धुवा. "तू तक्रार करणार म्हणतेस, पन माझं नाव घालू नकोस कागदात. माझी पोरगी उजवायची हाय."

"दादा, माझं नाव घालतेय."

"तुला काय, एकटी बाई. तुला कुठे तोंड दाखवायचंय?"

आरशात रोज दाखवते. तेवढंच पुरे झालंय.

२ मार्च

कृषी कार्यालयाला तक्रारीचा अर्ज लिहायला नऊ दिवस लागले. पहिल्या कच्च्या प्रतीत शेठ राक्षस होते, दुसरीत दादा. तिसरीत बघितलं तर मी कुठेच नव्हते! इतकी सुंदर भाषा आणि कर्ता गायब. चौथी प्रत साधी लिहिली: ज्योत न बघता 'होय' लिहिलं. अकरा वेळा. बॅच क्रमांक सोबत. विक्रेता म्हणून भावाचं नाव घातलं.

राजीनामाही दिला. नीराबाईंनी निघताना विचारलं, "मंग आता सही कोन करनार?" म्हटलं, कोणीतरी मिळेलच. निळी काच मृणालला पोस्टानं पाठवली.

एक कबूल करते. अर्ज पाकिटात घालताना बरं वाटलं. आपण तरी बोललो! आळीत इतकी माणसं, कोणीच बोललं नाही, मी बोलले. एवढा अभिमान मला परवडेल, असा हिशेब केला.

६ मार्च

कृषी कार्यालयात गेले. कारकून अर्ज वाचून म्हणाला, या विषयाची फाइल जानेवारीतच बंद झालीय. काढून दाखवली. वर डिसेंबरातला एक अर्ज, वहीच्या पानावर, गोल अक्षरात: बाटलीतलं पाणी साबणासारखं लागतं, शेजारची पानं जळतात, माझ्या घरूनच विकतात, चौकशी करावी. सही — तुळशी. खाली कंपनीचं टाइप केलेलं उत्तर: नमुना तपासला, जांभळी ज्योत दिसली, तक्रारीत तथ्य नाही. सही — माझी.